कोरी बाटली

माझे मामा उत्तम रेडकर यांनी उमेदीची चार वर्षं बाटल्या धुण्यात घालवली. ते स्वतःच असं सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, हे दुकानात वगैरे कामाला असतील. खरं तर ते शिकलेले होते, रसायनशास्त्र घेऊन इंटर झालेले, आणि १९५५ साली खाडीत आणि समुद्रात तेलाचा शोध घेणाऱ्या एका तुकडीत सहायक म्हणून लागले होते. आजोबांनी कोकणातून येऊन डोंबिवलीत दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथे मामा, शीलामामी आणि तेव्हा लग्न न झालेली माझी आई, नंदा, अशी तिघं राहत.

पाण्याखाली तेल आहे की नाही हे वरून कसं कळायचं? मामा मला हे फार हौसेने सांगत. जमिनीच्या पोटात तेल किंवा वायू साठला असला तर तो कधीकधी फटीतून थोडाथोडा झिरपतो आणि पाण्याच्या तळातून वर येतो. बुडबुडे दिसतात, पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. पण खाडीत कुजलेल्या पाल्याचाही वायू येतो आणि गंजाचाही तवंग धरतो. त्यातला खरा कोणता? तवंगात काडी घालायची. गंजाचा असला तर पापुद्र्यासारखा फुटतो आणि फुटलेलाच राहतो. तेलाचा असला तर काडीमागे परत मिटतो. ही पहिली परीक्षा. मग बुडबुड्यांवर पाण्याने भरलेली बाटली उपडी धरून वायू कोंडायचा, लांब नळी तळात रोवून चिखल काढायचा, बुचं मेणाने बंद करायची आणि सगळं ठाण्याच्या प्रयोगशाळेत न्यायचं. प्रयोगशाळा म्हणजे भाड्याचं एक गोदाम होतं. तिथे नमुन्यात तेलाचा अंश आहे की नाही एवढंच कळे. तेल कसलं, हे सांगायला नमुने दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावे लागत.

तेलाचा अंश म्हणजे किती, तर बोटाला लागलेल्या तेलाच्या हजाराव्या भागाहून कमी. म्हणून बाटल्यांच्या स्वच्छतेचे नियम कडक होते. होडीत विडी नाही, कंदील नाही, स्टोव्ह नाही. आणि रोज एक कोरी बाटली. म्हणजे शुद्ध पाण्याने भरलेली एक बाटली बाकीच्यांबरोबर होडीतून न्यायची, तिथे उघडायची, बंद करायची आणि परत आणून तपासायची. तिच्यात काही निघालं नाही तर समजायचं की बाटल्या आणि हात स्वच्छ होते, आणि नमुन्यात जे निघालं ते पाण्यातलंच होतं. कोऱ्या बाटलीची सगळी जबाबदारी मामांवर होती.

होडी काळुराम मढवींची होती. काळुराम कळव्याचे, पन्नाशीचे आगरी गृहस्थ. बापजाद्यांपासून मिठागरात राबलेले, आणि होडीतून मीठ वाहून खाडीचा कोपरान् कोपरा पाठ झालेले. मामा त्यांना काळूदादा म्हणत, ते मामांना मास्तर म्हणत. कळव्यापासून दक्षिणेला, जिथे खाडी रुंद होत समुद्राकडे वळते, तिथे एका वळणाशी ओहोटीला चिखलातून बुडबुडे येत. ती जागा काळूदादांनी दाखवली. तुकडीच्या प्रमुखांना, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, त्यांनी विचारलं, "तेल आहे का इथे?"

काळूदादा म्हणाले, "त्ये मना ठाव नाय साहेब. बुडबुडे हाईत. माज्या बापानं पन बघलेत."

साहेबांनी नकाशावर तांबड्या शाईने फुली मारली.

मामा दुपारची भाकरी बऱ्याचदा काळूदादांच्या घरी खात. आवडाबाई, काळूदादांची बायको, ताटात निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या छोट्या माशांचं, कालवण वाढायची आणि मामांना कशालाच नको म्हणू द्यायची नाही. एकदा तिने डोंबिवलीच्या घरी म्हणून शेरभर सोडे, सोलून वाळवलेली कोलंबी, बांधून दिले. शीलामामी त्या बाईला कधी भेटली नव्हती, पण पुढे महिनाभर घरात तिचं नाव निघत होतं.

१९५६च्या जानेवारीत तो दिवस आला. साहेब तापाने पडले होते. ओहोटी सकाळी लवकर होती आणि हवेत गारठा होता. मामांनी पिशवीतून छोटा वातीचा स्टोव्ह होडीत नेला. काळूदादा म्हणाले, "मास्तर, साहेब नको बोल्ले व्हते ना?" मामा म्हणाले, "साहेब कुठे आहेत आज? घोटभर चहा करू, लगेच विझवू." चहा झाला. दोघांनी घेतला. स्टोव्ह विझवून मामांनी तो बाटल्यांच्या खोक्याला टेकवून ठेवला. तेवढ्यात शेजारून एक मोठा मचवा गेला, त्याच्या लाटेने होडी कलली आणि स्टोव्ह खोक्यात उपडा झाला.

आठ बाटल्या होत्या, सात नमुन्यांच्या आणि एक कोरी. नमुन्यांच्या बाटल्यांची बुचं मामांनी आधीच काढून ठेवली होती. रॉकेल काहींच्या आत गेलं, बाकीच्यांच्या तोंडाला लागलं. कोऱ्या बाटलीचं बूच ढिलं होतं, तिलाही वास येऊ लागला.

नियम साधा होता. त्या दिवशीचं काम सोडायचं, परत जायचं आणि काय झालं ते वहीत लिहायचं. मामा मला सांगत, की ते त्यांना त्या क्षणी अगदी स्पष्ट आठवत होतं. पण आठवडाभरापूर्वीच साहेबांनी त्यांना कायम करण्याची शिफारस वर पाठवली होती. होडीत स्टोव्ह नेला, हे आता कसं सांगायचं? त्यांनी साबणाने आणि खाडीच्या पाण्याने सात बाटल्या तीन-तीनदा धुतल्या, वास घेऊन पाहिला आणि स्वतःलाच सांगितलं की गेला वास. काळूदादा वल्ही थांबवून बघत होते. "जमंल ना मास्तर?" त्यांनी विचारलं. "जमेल," मामा म्हणाले. मग त्याच बाटल्यांत त्यांनी नमुने घेतले.

इथपर्यंत हलगर्जीपणा होता. त्यानंतर जे केलं त्याला मामा हलगर्जीपणा म्हणत नसत. ठाण्याला गोदामात कोणी नव्हतं. मामांनी ती वास येणारी कोरी बाटली मोरीत रिकामी केली. कपाटातून दुसरी, स्वच्छ, भट्टीत वाळवलेली बाटली घेतली, तिच्यात शुद्ध पाणी भरलं, बूच लावलं आणि त्या दिवसाच्या तारखेची चिठ्ठी तिच्यावर चिकटवली.

आठवड्याने तपासणी झाली. कोऱ्या बाटलीत काही नाही. सातही नमुन्यांत तेल.

साहेब आजारातून उठून आले होते. त्यांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. नकाशावरच्या फुलीभोवती वर्तुळ झालं. वर तार गेली, बाटल्या मोठ्या प्रयोगशाळेकडे रवाना झाल्या. दोन वरिष्ठ अधिकारी येऊन काळूदादांच्या होडीतून जागा पाहून गेले. पुढच्या मोठ्या ओहोटीला पुन्हा नमुने घ्यायचे आणि मग मोठी बोट मागवायची असं ठरलं. कळव्यात काळूदादांना लोक थांबवून विचारू लागले. मामांची झोप गेली. ते रोज ठरवत की उद्या सांगू. उद्या आलं की साहेब इतके खुशीत दिसत की मामांचं तोंड उघडत नसे. परत नमुने घेतले की त्यात काही निघणार नाही, मग आपोआप सगळं मिटेल, असाही त्यांनी हिशेब केला होता.

पण दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांआधीच मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. सातही बाटल्यांतलं तेल जमिनीतलं कच्चं तेल नव्हतं. ते गाळलेलं, बाजारात मिळणारं रॉकेल होतं.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि मामांना बोलावलं. "रेडकर, त्या दिवशीची कोरी बाटली साफ होती ना?"

"होती, साहेब."

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"हो."

"म्हणजे बाटल्या स्वच्छ होत्या. म्हणजे रॉकेल पाण्यातच होतं. म्हणजे कोणीतरी ते तिथे ओतलं."

मामा मला म्हणाले, "साहेब एकेक पायरी माझ्यासमोर उतरले गं. मला दिसत होतं ते कुठे पोचणार. मी नुसता उभा होतो."

दुसऱ्या दिवशी साहेब, मामा आणि गोदामातला शिपाई कळव्याच्या बंदरावर गेले. बंदर म्हणजे दगडी उतार, चार होड्या लागण्यापुरता. सकाळची वेळ होती, मिठागराकडे निघालेली माणसं उभी होती. साहेबांनी आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू येईल असं बोलले. "काळुराम, तुझी जागा मोठी ठरावी म्हणून तू पाण्यात रॉकेल टाकलंस. आम्हाला फसवलंस. उद्यापासून तुझी होडी नको, आणि ती जागाही नको."

काळूदादांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "मी? मी पान्यात रॉकेल वतीन?" त्यांनी चारचौघांकडे पाहिलं आणि मग मामांकडे वळले. "मास्तर, तुमी सांगा ना साहेबाना."

मामांनी चपलेकडे पाहिलं. चपलेच्या अंगठ्यापाशी चिखल होता. तो त्यांनी दगडाला घासून काढला. साहेब म्हणाले, "चला रेडकर." आणि मामा त्यांच्या मागून गेले. काळूदादांनी स्टोव्हचं नाव काढलं नाही.

एप्रिलमध्ये मामा कायम झाले. शीलामामीने शिरा केला. मामांनी दोन घास खाल्ले आणि बशी नंदापुढे सरकवली.

कळव्यात काय झालं ते त्यांना शिपायाकडून तुकड्यातुकड्याने कळे. लोक काळूदादांना "रॉकेल काळू" म्हणू लागले होते. आधी पाठीमागे, मग तोंडावर. वीस वर्षं नारळी पौर्णिमेला गावाचा नारळ खाडीला तेच अर्पण करत. त्या वर्षी गावाने गोविंदा नावाच्या दुसऱ्या माणसाला पुढे केलं. काळूदादा त्या दिवशी बंदरावर आलेच नाहीत. मामांनी हे ऐकलं तेव्हा ते गोदामात नळ्या पुसत होते. एक नळी हातातून पडून फुटली. शिपाई म्हणाला, "राहू द्या रेडकरसाहेब, मी झाडतो." या "साहेब" शब्दाने ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

अडीच वर्षं गेली. घरात कोणी आगरी माणसाचं, मिठाचं, होडीचं काही बोललं की मामा उठून जात. शीलामामीने आवडाबाईबद्दल विचारलं तर म्हणत, "आता ती होडी नाही आमच्याकडे." चूल पेटवताना मामी रॉकेलची बाटली काढायची, तेव्हा मामा बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहायचे. तिला वाटायचं यांना वास सोसत नाही.

१९५८च्या शेवटी, खंबातकडे तेल लागल्याची बातमी आली. गोदामात पेढे वाटले गेले. आता किनाऱ्यावरही काम वाढणार, नवी माणसं येणार, म्हणून साहेबांनी नमुने घेण्याच्या सूचनांचा मराठी कागद तयार करायला मामांना सांगितलं. साहेबांचा इंग्रजी मजकूर समोर होता. सातव्या सूचनेत होतं, की स्थानिक नावाडी नमुन्यात भेसळ करू शकतात, कळव्याच्या एका नावाड्याने १९५६ साली असं केलं होतं, तरी त्यांच्यावर सतत नजर ठेवावी.

मामांनी सहा सूचना लिहिल्या. सातवीला हात थांबला. तो कागद तसाच घडी करून त्यांनी खिशात घातला आणि डोंबिवलीला घरी आले. संध्याकाळी नंदा, माझी आई, शेजारी गेलेली असताना त्यांनी मामीला सगळं सांगितलं. स्टोव्ह, सात बाटल्या, आठवी बाटली, बंदर, चप्पल.

मामी भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला ठेवली. मामांना वाटलं ती नोकरीचं काहीतरी बोलेल.

ती म्हणाली, "आवडाबाईंनी दिलेले सोडे तेव्हा आपल्या घरात होते."

"हो."

"मी ते त्यानंतरही करत राहिले. तुम्ही वाढून घेत राहिलात."

मामांनी खिशातला कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

"उद्या साहेबांना सांगा," मामी म्हणाली. "आणि आता परवावर ढकलू नका."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं उभ्याने ऐकलं. मग खुर्चीत बसले. तो अर्धवट कागद त्यांनी हातात घेतला. मामा शिव्यांची वाट पाहत होते.

"रेडकर," ते म्हणाले, "मी त्या माणसाला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. काय झालं त्या दिवशी, एवढंही नाही. तुम्ही मला हवं ते उत्तर दिलंत आणि मी ते घेतलं." मग त्यांचा आवाज बदलला. "पण बाटली तुम्ही बदललीत. तुम्ही आता इथे राहू शकत नाही."

मामांनी राजीनामा दिला. साहेबांनी दोन गोष्टी कबूल केल्या. सातवी सूचना जाणार नाही, आणि फुलीच्या जागी पुन्हा नमुने घेतले जातील, काळुरामची तयारी असेल तर त्याच्याच होडीतून.

कळव्याला जायला मामांना आणखी चार दिवस लागले. शीळफाट्याकडून मालमोटारीने जायचं की आगगाडीने, असले क्षुल्लक विचार करत ते वेळ काढत राहिले. शेवटी गेले. काळूदादा दारात जाळं विणत बसले होते. केस पांढरे झाले होते. त्यांनी वर पाहिलं आणि विणत राहिले.

मामा उंबऱ्याबाहेरच उभे राहून बोलले. सगळं सांगितलं. आवडाबाई आतून येऊन दाराशी टेकून ऐकत होती. मामांचं झालं तरी काळूदादांचा हात थांबला नाही.

"काळूदादा, तुम्ही पाहिलं होतं. स्टोव्ह सांडलेला तुम्ही पाहिलात. तेव्हा का बोलला नाहीत?"

आता हात थांबला. "मी बोल्लो असतो त साहेब म्हनला असता, सोताची चोरी झाकाला मास्तरावर ढकलतो. माजा शबूद कोन घेनार? तुजा शबूद लागत व्हता. म्हून मी तुला इचारला." तोवर ते मामांना "तुमी" म्हणत आलेले. "मी वाट बघली. त्या दिशी बघली, दुसऱ्या दिशी बघली. पावसाळाभर बघली. म्हनलं, मास्तर येल."

"माझं चुकलं."

"त्ये इथं नको सांगू. इथं मना आनि हिला ठावच हाय." त्यांनी बंदराच्या दिशेने मान हलवली. "जिथं गप बसलास तिथं सांग. आयतवारी सकाली."

रविवारी सकाळी बंदरावर तीसेक माणसं जमली होती. गोविंदा होता, मिठागरावरच्या बाया होत्या, हौसाबाई नावाची एक म्हातारी पुढेच दगडावर बसली होती. मामांनी रात्री मनात जुळवलेली वाक्यं एकही आठवेना. ते एवढंच म्हणाले, की रॉकेल माझ्या स्टोव्हचं होतं, मी मनाई असताना तो नेला होता, ते माझ्या हातून सांडलं, मी लपवलं, खोटी बाटली ठेवली, आणि काळूदादांवर आळ आला तेव्हा इथे उभा राहून गप्प बसलो. आवाज इतका बारीक निघाला की मागून कोणीतरी ओरडलं, "ऐकू नाय आलं!"

मग त्यांना ते सगळं दुसऱ्यांदा, मोठ्याने सांगावं लागलं. मामा म्हणत की पहिल्यांदा सांगताना लाज वाटली होती, पण दुसऱ्यांदा सांगताना काय वाटलं त्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

कोणी मारलं नाही, कोणी शाबासकीही दिली नाही. हौसाबाई म्हणाली, "तीन वर्सं आमी याला रॉकेल काळू बोल्लो." आणि तिने तोंडाला पदर लावला. गोविंदा मान खाली घालून उतारावरून खाली गेला आणि उगाचच आपल्या होडीचा दोर सोडून परत बांधू लागला. माणसं पांगली. काळूदादा मामांशी न बोलता घरी गेले.

फेब्रुवारीच्या मोठ्या ओहोटीला नवे नमुने घेतले गेले. साहेब स्वतः होडीत होते, वल्ही काळूदादांच्या हातात होती. मामांना होडीत जागा नव्हती, मागायचा हक्कही नव्हता. ते किनाऱ्यावर उभं राहून पाहत होते. महिन्याने निकाल आला. तो कुजलेल्या पाल्याचा वायू होता. तेलाचा अंश नाही.

साहेबांनी काळूदादांच्या नावाने मराठीत पत्र लिहिलं आणि ते न्यायला मामांना सांगितलं. आवडाबाई आणि काळूदादा दोघांनाही वाचता येत नव्हतं. मामांनी ओटीवर बसून वाचलं. पत्र कोरडं होतं, सरकारी वळणाचं. शेवटी लिहिलं होतं, की १९५६च्या प्रकरणात नावाडी काळुराम मढवी यांचा काहीही दोष नव्हता, त्यांच्यावर ठेवलेला आरोप आम्ही मागे घेतो आणि त्याबद्दल दिलगीर आहोत.

"परत वाच," आवडाबाई म्हणाली.

मामांनी परत वाचलं.

"तेल नाय निंगालं म्हंजे?" तिने विचारलं.

"नाही निघालं."

काळूदादा पहिल्यांदा थोडे हसले, पण मामांकडे पाहून नाही. "मी कवा बोल्लो व्हतो तेल हाय? मी बोल्लो, बुडबुडे हाईत."

त्या वर्षी गावाने नारळासाठी त्यांना बोलावलं. ते गेले नाहीत. गोविंदालाच करू दे म्हणाले. मामांना हे ऐकून वाटलं होतं तसं बरं वाटलं नाही. काही गोष्टी परत दिल्या तरी माणूस घेत नाही, आणि ते त्याच्या मर्जीवर असतं, एवढं त्यांना कळलं.

मामा पुढे कल्याणच्या एका शाळेत विज्ञानाच्या खोलीत सहायक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांनी ही हकिकत कोणापासून लपवली नाही. पण सांगताना बंदरापर्यंत आले की त्यांची मान खाली जाई, आणि काळूदादांनी "मास्तर, तुमी सांगा ना" म्हटल्यानंतर आपण किती वेळ गप्प होतो, हे ते दर वेळी वेगळं सांगत. कधी म्हणत, क्षणभर. कधी म्हणत, चांगली दोन मिनिटं. एकदा मी विचारलं, "मामा, नक्की किती?" तेव्हा ते म्हणाले, "तीन वर्षं धर."